विश्लेषण : स्पर्धा मुलांची, खरेदी पालकांची… शाळांमधील लेखनस्पर्धा आणि महागडे संग्रह यांचे गणित काय?

‘हार्दिक अभिनंदन! आपल्या पाल्याच्या कवितेची राज्यस्तरीय संग्रहासाठी निवड झाली आहे.’ शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर असा संदेश आला की घरात आधी आनंद होतो. मग कोणीतरी खालची ओळ वाचते. संग्रहाची किंमत, पैसे भरण्याची शेवटची तारीख आणि क्यूआर कोड. कविता मुलाची, निवड आयोजकांची आणि पुस्तक विकत घ्यायचे पालकांनी. हा व्यवहार चालतो कसा, त्यात बेकायदा काय आणि नुसते अशोभनीय काय, आणि येरमाळ्यासारख्या गावात त्याचा भार नेमका कोणावर पडतो?

निवड झाली म्हणजे काय झाले?

अशा स्पर्धांचा साचा आता ठरून गेला आहे. प्रवेश विनामूल्य असतो किंवा नाममात्र शुल्क असते. विषय सोपे असतात : माझी आई, पाऊस, शेतकरी राजा, झाडे लावा. मुहूर्तही ठरलेले. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. वर्गशिक्षक मुलांकडून कविता किंवा निबंध लिहून घेतात, त्यांचे फोटो काढून आयोजकांना पाठवतात आणि पंधरा-वीस दिवसांत निकाल लागतो. निकालात पहिले तीन क्रमांक असतात, काही उत्तेजनार्थ असतात आणि त्याखाली ‘संग्रहासाठी निवड’ झालेल्यांची लांबलचक यादी असते.

खरी मेख या यादीत असते. वर्गातल्या चाळीस मुलांनी लिहिले असेल तर पस्तीस-छत्तीस नावे त्यात सापडतात. जी सापडत नाहीत, त्यांच्या कवितेचा फोटो बहुधा अस्पष्ट आलेला असतो. निवड हा शब्द मराठीत धान्य निवडण्यासाठीही वापरतात. तिथे खडे बाजूला पडतात. इथे सुपात जे येईल ते सगळे पोत्यात जाते, कारण प्रत्येक नावामागे एक गिऱ्हाईक उभे असते.

हिशेब कसा जुळतो?

उदाहरणादाखल आकडे मांडून पाहू. हे कोणत्याही एका आयोजकाचे आकडे नव्हेत, व्यवहाराचा आकार कळावा एवढ्यासाठीच घेतले आहेत. समजा, पाच-सहा शाळांतून दोनशे मुलांची निवड झाली आणि संग्रहाची किंमत ४५० रुपये ठेवली. जमा झाले ९० हजार. सव्वाशे पानांच्या कृष्णधवल पुस्तकाची छपाई आणि बांधणी प्रतीमागे ११० रुपये धरली तर २२ हजार. प्रमाणपत्रे तीन हजारांत होतात. तीन बक्षिसांचे मिळून सहा हजार. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ आणि कुरिअर यांचे दहा हजार. एकूण खर्च ४१ हजार. उरले ४९ हजार. आजी-आजोबांसाठी किंवा मामासाठी कोणी दुसरी प्रत घेतली, तर त्यातला नफा वेगळा.

आकडे कमी-जास्त करून पाहावेत. एक गोष्ट मात्र बदलत नाही. निवड जितकी कडक, तितकी विक्री कमी. दोनशेपैकी उत्तम वीसच कविता घेतल्या तर पुस्तक चांगले होईल, पण गिऱ्हाईक वीसच उरतील. नेहमीच्या प्रकाशकाला अनोळखी वाचक मिळवावा लागतो, म्हणून तो निवडतो, नाकारतो, सुधारून मागतो. संग्रहवाल्याला अनोळखी वाचकाची गरजच नसते. त्याचे पुस्तक छापण्याआधीच खपलेले असते, आणि ते ज्यांच्या कविता त्यात आहेत त्यांच्याच घरी जाते. पुस्तकाच्या दुकानात किंवा वाचनालयात ते शोधून सापडत नाही.

‘खरेदी ऐच्छिक आहे’ मग हरकत काय?

आयोजकांचे आणि शाळांचे ठरलेले उत्तर हेच असते. सक्ती कोणावरही नाही, ज्यांना हवे त्यांनीच घ्यावे. कागदावर ते खरेही असते. पण ‘ऐच्छिक’ हा शब्द शाळेच्या गटावर पोहोचला की त्याचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे.

संदेश वर्गशिक्षकांच्या क्रमांकावरून येतो. ज्या बाईंच्या हाती आपल्या मुलाचे वर्ष आहे, त्यांनी पाठवलेल्या संदेशाला नाही म्हणणे शहरातल्या पालकालाही जड जाते. मग गटावर ‘पैसे भरले मॅडम’ अशा ओळी पडू लागतात. दुसऱ्या दिवशी पैसे भरलेल्यांची यादी येते, नावांपुढे हिरव्या खुणा. यादीत नाव नसलेल्यांवर कोणी काही बोलत नाही, बोलण्याची गरजही नसते. तिसऱ्या दिवशी ‘फक्त आठ पालक बाकी आहेत’ अशी आठवण येते. त्या आठांत आपण आहोत हे आपल्याला माहीत असते, गटालाही माहीत असते आणि वर्गात बसलेल्या मुलालाही.

पुढचा टप्पा स्नेहसंमेलनाचा. ज्यांनी संग्रह घेतला त्यांना मंचावर बोलावून पुस्तक, पदक आणि प्रमाणपत्र दिले जाते. ज्यांची कविता छापली गेली पण ज्यांनी प्रत घेतली नाही, त्यांच्या वाट्याला प्रमाणपत्राची पीडीएफ येते, ती पुन्हा गटावरच. दहा वर्षांच्या मुलाला यातून एकच कळते : माझ्या कवितेत काहीतरी कमी होते. कमी होते ते बापाच्या खिशात, हे त्याला कोण सांगणार?

म्हणून सक्ती आहे की नाही हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. पुस्तक नाकारणे म्हणजे मुलाला नाकारणे, असे वाटायला लावणारी मांडणी केली की सक्तीची गरजच उरत नाही. विकत घेतले जाते ते पुस्तक नव्हे. मुलाचा चेहरा पडू नये, यासाठी ते पैसे असतात.

येरमाळ्यात ४५० रुपये म्हणजे किती?

धुळे-सोलापूर महामार्गावरचे येरमाळा हे कळंब तालुक्यातले मोठे गाव. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेमुळे राज्यभर माहीत असलेले. बाकीचे वर्ष इथल्या घरांचा हिशेब मात्र सोयाबीन, ऊस, दूध आणि रोजंदारी यांवर चालतो. धाराशिव हा निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा आहे. २०२५च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने या जिल्ह्यात उभे पीक नेले, कुठे कुठे त्याखालची मातीही नेली.

२०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे ४५० रुपयांचा संग्रह हमीभावाने साडेआठ किलो सोयाबीनएवढा पडतो, आणि बाजारात हमीभाव मिळतोच असे नाही. रोजगार हमीवर त्याच वर्षासाठी महाराष्ट्रातला मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. संग्रह म्हणजे जवळपास दीड दिवसाची मजुरी. घरात दोन मुले शाळेत असतील आणि दोघांची ‘निवड’ झाली असेल, तर तीन दिवस. आणखी एक तुलना अधिक बोलकी आहे. समग्र शिक्षा अभियानात एका विद्यार्थ्याच्या दोन गणवेशांसाठी सरकार वर्षाला ६०० रुपये धरते. दोन गणवेशांना सरकारला जे पुरेसे वाटते, त्याच्या तीन चतुर्थांश रक्कम एका कवितेच्या पानासाठी मागितली जाते.

पुण्यातल्या सोसायटीत ही रक्कम पिझ्झ्याची असेल. तिथे हा प्रकार फार तर हसण्यावारी जातो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचे मूल आजीजवळ राहून शिकत असते, तेव्हा तोच संदेश आजीच्या मांडीवर येऊन पडतो. फोन लावून मुलाला विचारावे लागते आणि मुकादमाच्या उचलीतून साडेचारशे बाजूला काढावे लागतात. इथल्या कोणत्या एका शाळेवर बोट ठेवण्याचा हा प्रयत्न नाही. महामार्गावरच्या गावात कोणताही फिरता धंदा लवकर पोहोचतो आणि व्हॉट्सॲपला तर रस्ताही लागत नाही.

हा प्रकार नवा आहे का?

नाही, आणि तो मराठी माणसाने शोधलेलाही नाही. अमेरिकेत मेरिलँड राज्यातून चालणाऱ्या ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ पोएट्री’ या संस्थेने १९८०च्या दशकापासून हा धंदा मोठ्या प्रमाणावर केला. पुढे ती ‘पोएट्री डॉट कॉम’ या नावाने इंटरनेटवर आली. कविता पाठवा, प्रवेश मोफत. काही दिवसांत पत्र येई : आपण उपांत्य फेरीत पोहोचला आहात, आपली कविता आमच्या भव्य संग्रहात छापली जाणार आहे. संग्रहाची किंमत सुमारे ५० डॉलर. कवीचा परिचय छापायचा असेल तर वेगळे पैसे, कविता लाकडी फलकावर हवी असेल तर वेगळे, कविसंमेलनाला यायचे तर आणखी वेगळे.

ही निवड किती पोकळ आहे हे दाखवायला एका विनोदी लेखकाने ‘वर्गल फ्लॉम्प’ या बनावट नावाने मुद्दाम निरर्थक शब्दांची कविता पाठवली. ‘फ्लबलबॉप’ हे तिचे नाव. तिचीही निवड झाली. त्यातून पुढे ‘वर्गल फ्लॉम्प’ याच नावाची विनोदी कवितांची खरीखुरी स्पर्धा सुरू झाली, ती आजही चालते आणि तिला प्रवेश शुल्क नाही.

ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकापासून हेच गणित शाळांमध्ये शिरले. आयोजक शाळेला भित्तिचित्रे आणि पाठटिपणे फुकट पाठवतात, शिक्षक वर्गात कविता लिहून घेतात आणि मग घरी पत्र जाते, त्याला जोडलेला मागणीचा फॉर्म. तिथेही खरेदीची सक्ती नसते. एवढ्या वर्षांनंतरही हा व्यवसाय टिकून आहे तो याच एका वाक्याच्या आधारावर.

आपल्याकडे मोठ्यांच्या साहित्यव्यवहारात हा प्रकार जुना आहे. ‘प्रातिनिधिक कवितासंग्रह’ हे त्याचे भारदस्त नाव. दोन पानांसाठी अमुक रुपये, त्यात दोन प्रती, सन्मानचिन्ह आणि शाल. हौशी कवीला त्याची किंमत माहीत असते आणि तो समजून-उमजून ती मोजतो. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. दहा जणांनी मिळून वर्गणी काढावी, पुस्तक छापावे, एकमेकांना द्यावे, यात गैर काहीच नाही. एखाद्या शाळेने मुलांच्या कवितांचे पुस्तक काढायचे ठरवले, पालकांपुढे छपाईचा हिशेब ठेवला आणि ज्याला जमेल त्याने हातभार लावला, तर ते कौतुकाचेच आहे. हरकत आहे ती वर्गणीला बक्षीस म्हणण्याला. मोठ्यांच्या बाबतीत निदान पैसे देणारा आणि मिरवणारा एकच असतो. मुलांच्या बाबतीत मिरवण्याचे आमिष मुलाला आणि बिल बापाला.

आयएसबीएन, ‘राज्यस्तरीय’ आणि गुणांचा गैरसमज

संदेशात एक ओळ ठळक अक्षरांत असते : ‘आयएसबीएन क्रमांकासह प्रकाशन’. पालकांना ती सरकारी मान्यतेसारखी वाटते. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळख क्रमांक आहे, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. भारतात तो केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था देते आणि त्यासाठी शुल्क घेत नाही. लेखक स्वतःच्या पुस्तकासाठीही तो मागू शकतो. पुस्तक चांगले की वाईट याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘आयएसबीएनचा खर्च’ म्हणून कोणी पैसे लावत असेल तर तेवढ्यावरूनच ओळखावे.

‘राज्यस्तरीय’, ‘राष्ट्रीय’ हे शब्द वापरायला कोणाच्या परवानगीची गरज लागत नाही. तीन जिल्ह्यांतून कविता आल्या की स्पर्धा राज्यस्तरीय होते आणि नागपूरच्या कोणाचा भाचा दुबईतून सहभागी झाला की आंतरराष्ट्रीय.

राहिला गुणांचा प्रश्न. अशा प्रमाणपत्राचे दहावीला जादा गुण मिळतात, अशी समजूत बऱ्याच पालकांत आहे आणि ती दूर करण्याची घाई कोणी करत नाही. दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात ते क्रीडा, शास्त्रीय कला, लोककला आणि शासकीय रेखाकला परीक्षा अशा ठरलेल्या बाबींसाठी. खासगी कवितास्पर्धेच्या प्रमाणपत्राला तिथे जागा नाही.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(४७) हे ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचे ते सांगते. एखाद्या वस्तूची विक्री किंवा व्यावसायिक हित, थेट किंवा आडमार्गाने, वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, सोडत किंवा खेळ या व्याख्येत येतो. नियमांनी सूट दिलेल्या स्पर्धा तेवढ्या वगळल्या आहेत. बक्षिसे जाहीर करून ती न देण्याचा इरादा असणे आणि योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागी झालेल्यांपासून दडवणे, हेही त्याच कलमात आहे. संग्रह खपवण्यासाठीच स्पर्धा घेतली गेली, हे दाखवता आले तर हे कलम लागू पडू शकते. तसा निर्णय देणे जिल्हा ग्राहक आयोगाचे काम. पण ‘यात तक्रार कसली करणार’ असे म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

शाळेच्या बाजूने पाहिले तर शिक्षण हक्क कायदा, २००९ अधिक स्पष्ट आहे. जाहीर केलेल्या शुल्काखेरीज शाळेने घेतलेली कोणतीही देणगी, वर्गणी किंवा रक्कम या कायद्याने ‘कॅपिटेशन फी’ ठरते. कलम १३ प्रमाणे ती घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्रात याआधीच १९८७ साली कॅपिटेशन फीला बंदी घालणारा कायदा झाला आहे आणि खासगी शाळांच्या शुल्कावर पालक-शिक्षक संघाचा अंकुश ठेवणारा २०११चा कायदाही आहे. पुस्तक खरोखरच ऐच्छिक असेल तर ही कलमे लागू पडणार नाहीत, हे मान्य करायला हवे. मात्र पैसे न भरलेल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखवली, किंवा मंचावरचा सत्कार पैसे भरण्याशी जोडला, तर ‘ऐच्छिक’चा आधार लटका पडू लागतो. त्याच कायद्याचे कलम १७ मुलांच्या मानसिक छळालाही मनाई करते.

दोन गोष्टींकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. एक, कवितेचा मालक कोण? स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार लिहिणारा, म्हणजे ते मूलच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. आणि अल्पवयीन मूल करार करू शकत नाही, म्हणजे पालकांची सही हवी. शिक्षकांनी पाठवलेला वहीच्या पानाचा फोटो ही ती सही नव्हे. दुसरी, मुलाचे नाव, इयत्ता, शाळा, छायाचित्र आणि पालकांचा मोबाइल क्रमांक ही सारी माहिती आयोजकाकडे जाते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेण्याची तरतूद आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. तोवर, या वर्षी कवितेसाठी दिलेल्या क्रमांकावर पुढच्या वर्षी ऑलिम्पियाड, अबॅकस आणि हस्ताक्षर सुधार वर्गाचे संदेश आले, तर नवल वाटू नये.

शाळा यात का पडतात?

शिक्षकांना दलाल ठरवणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्यांच्या डोक्यावर उपक्रमांचे ओझे असते. कोणता दिवस साजरा केला, किती विद्यार्थी सहभागी झाले, फोटो अपलोड केले का, याची विचारणा वरून सतत होत असते. एखादा आयोजक तयार विषय, तयार प्रमाणपत्रे आणि छापील पुस्तक घेऊन येतो, तेव्हा वर्षाचा एक रकाना भरला जातो. शिवाय ‘उत्कृष्ट मार्गदर्शक शिक्षक’ असे एक प्रमाणपत्र आणि एक मोफत प्रत असते. पुरस्काराच्या प्रस्तावाला ती जोडता येते. मुख्याध्यापकांना शाळेचे नाव छापून आल्याचे समाधान. कोणीच फसवत नाही, प्रत्येक जण आपापला रकाना भरतो आणि शेवटचा रकाना पालकांच्या वाट्याला येतो.

पण शाळेचा शिक्का हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे, हे शाळांनी ओळखायला हवे. हाच संदेश अनोळखी क्रमांकावरून आला असता तर बहुतेकांनी तो पुसून टाकला असता. बाईंनी पाठवला म्हणून तो वाचला गेला.

पण मुलांचे नाव तर छापून येते ना?

येते, आणि त्या आनंदाला कमी लेखण्याचे कारण नाही. आपले नाव छापलेले पाहणे हा वयाच्या दहाव्या वर्षी केवढा मोठा प्रसंग असतो, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला आठवत असते. पण याच ठिकाणी मुलाचे खरे नुकसान होते आणि ते साडेचारशे रुपयांहून मोठे आहे.

येरमाळ्याच्या एखाद्या मुलीने ‘माझ्या गावची यात्रा’ यावर लिहिले, असे समजू. पहिल्या खर्ड्यात ती जे सगळे लिहितात तेच लिहील : खूप गर्दी होती, पाळणे होते, खूप मजा आली. कोणी तिच्याजवळ बसून विचारले की चुनखडी वेचायला तू कोणाबरोबर गेलीस, खडे कशात गोळा केलेस, पालखी आली तेव्हा तू कुठे उभी होतीस, तर दुसऱ्या खर्ड्यात तिच्या डोळ्यांनी पाहिलेली यात्रा उतरेल. ती यात्रा तिच्याखेरीज दुसऱ्या कोणी लिहू शकणार नाही. लिहायला शिकणे म्हणतात ते हेच. त्याला लागतो एक वाचणारा माणूस आणि अर्धा तास. संग्रहाच्या व्यवहारात हा अर्धा तास कुठेच नाही. पहिला खर्डा फोटोच्या रूपात जातो आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट छापून परत येतो. ती कविता कोणी वाचली का, आवडली तर काय आवडले, एखादा शब्द का बदलावा, यातले एक अक्षर मुलीपर्यंत पोहोचत नाही. तिला पदक मिळते, वाचक मिळत नाही.

आणि जी मुलगी खरोखर चांगली लिहिते, तिचे काय? तिचेही पान तेवढेच आणि तिच्या बाजूच्या इंटरनेटवरून उतरवलेल्या कवितेचेही तेवढेच. आपल्यात काही वेगळे आहे, हे तिला या पुस्तकातून कधीच कळणार नाही.

मग मुलांनी लिहायचे कुठे?

यासाठी नवे काही शोधून काढायची गरज नाही. मराठी शाळांत हस्तलिखिताची परंपरा मोठी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या वसतिगृहात मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. कागद आणि शाई एवढाच त्याचा खर्च. भित्तिपत्रकाला एक कार्डशीट पुरते आणि ते येणारे-जाणारे सगळे वाचतात, दुसऱ्या वर्गातली मुलेसुद्धा. पन्नास कवितांची पीडीएफ करून ती त्याच व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर संग्रहापेक्षा जास्त वाचक मिळतील आणि पैसे लागणार नाहीत. परिपाठात रोज एकाने स्वतः लिहिलेले वाचून दाखवायचे, असे ठरवले तर वर्षात दोनशेच्या आसपास मुलांना ऐकणारे मिळतात.

बाहेर पाठवायचे असेल तर ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक आहे, १९७१पासून चालू आहे. तिथे निवड होते म्हणजे खरोखर निवड होते. नकारही मिळतो आणि छापून आले तर ते राज्यभरची अनोळखी मुले वाचतात. स्पर्धाच हवी असेल तर टपाल खात्याची ‘ढाई आखर’ पत्रलेखन स्पर्धा पाहावी. अठरा वर्षांखालच्यांचा तिथे वेगळा गट असतो. अंतर्देशीय पत्र किंवा पाकीट घ्यायचे, हाताने लिहायचे, पेटीत टाकायचे. खर्च टपालाचा. राज्य पातळीवर पहिले बक्षीस २५ हजार रुपयांचे आणि देश पातळीवर ५० हजारांचे. पैसे कोणाकडून कोणाकडे जातात, एवढे पाहिले तरी दोन प्रकारच्या स्पर्धांतला फरक समजतो.

धाराशिव जिल्ह्याला लिहिण्याचे वावडे कधीच नव्हते. गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यात आहे आणि २०२०च्या जानेवारीत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही इथे भरले होते. त्या मंडपात पुस्तकांच्या दालनांसमोर शाळकरी मुलांची झुंबड होती. त्या मुलांना वाचायला हवे होते, लिहायलाही हवे होते. ही भूक खरी आहे म्हणूनच तिच्यावर धंदा करता येतो.

पालकांनी काय करावे?

संदेश आला की पैसे भरण्याआधी गटावरच, सर्वांसमोर आणि सभ्य शब्दांत काही गोष्टी विचाराव्यात. एकूण किती कविता आल्या आणि किती निवडल्या? परीक्षक कोण होते? पुस्तक कोणत्या दुकानात किंवा वाचनालयात मिळेल? ज्याची कविता छापली आहे त्याला एक प्रत मोफत का नाही? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक गटांत शांतता पसरते. एकट्याने विचारणे अवघड वाटत असेल तर दोघा-तिघांनी मिळून विचारावे. एकाने विचारले की बाकीच्यांना धीर येतो, असा अनुभव वर्गणीच्या प्रत्येक प्रसंगात येतो.

सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांच्या. बाहेरच्या कोणत्याही स्पर्धेसाठी शाळेच्या गटावरून पैसे मागायचे नाहीत आणि सत्काराचा संबंध खरेदीशी जोडायचा नाही, असा ठराव या समितीला करता येतो. खासगी शाळांत पालक-शिक्षक संघाच्या सभेत हा विषय मांडता येतो.

दबाव आणला जात असेल तर आधी मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्यावी. उत्तर आले नाही, तर कळंबच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि माध्यमिक शाळा असेल तर धाराशिवला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पैसे भरले आणि पुस्तक आले नाही, बक्षीस जाहीर झाले आणि मिळाले नाही, असे असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावण्याचे बंधन नाही. त्यासाठी निवडीचा संदेश, पैसे भरलेल्यांची यादी आणि आठवणीचा संदेश यांचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवावेत. यूपीआयची पावती ठेवावी, पैसे कोणाच्या नावे गेले ते त्यावर दिसते. आणि मुलाच्या मूळ कवितेचे पान वहीतून फाडून देऊ नये, वहीतच राहू द्यावे.